तोंडाची मूठ

पदराचं टोक दातात धरायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि कपाशीच्या वावराकडे असं बघायचं, की वावरच तिची वाट बघत थांबलंय. मग टोक सोडून म्हणायचं, "चला बायांनो, तुमी हात चालवा, मी तोंड चालवते." वेचणीच्या दिवसांत आत्याबाईचं रोज सकाळी हेच. हे झाल्याशिवाय आमच्यातली एकही बाई पहिल्या बोंडाला हात लावत नव्हती.

तिला नाव होतं, पण ते मी लिहीत नाही. आम्ही कुणी ते कधी घेतलंही नाही. ती गावची लेक. नवरा लवकर गेला, तशी सासरहून परत आली आणि वेशीजवळच्या एका खोलीत राहायला लागली. गावच्या मोठ्या सुना तिला वन्सं म्हणायच्या, आम्ही लहान सुना आत्याबाई. तोंडावर मी तिला "तुमी"च म्हणायचे. मनात मात्र ती "ती"च राहिली.

मी त्या वर्षी नवीन लग्न होऊन आले होते. माहेर बदनापूरकडचं, शिक्षण चौथीपर्यंत. पण मला चार माणसांत तोंड उघडता येत नसे. सासूबाईंबरोबर वेचणीला जायला लागले, तेव्हा बायांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग सरळ विचारलं, "काकू, सून मुकी आनली का काय?" सासूबाई ओशाळल्या. तेव्हा आत्याबाई म्हणाली, "असू द्या की. बोलनाऱ्या लई हायत हितं. आयकनारं बी कोनी पाहिजे ना?" आणि तिनं मला आपल्या शेजारचं तास, म्हणजे कपाशीची ओळ, वेचायला दिलं. त्या दिवसापासून मला कुणी मुकी म्हटलं नाही.

तुमच्यातल्या कुणी कापूस वेचला असेल तर तुम्हाला माहीत आहे. काम जड नसतं, पण संपत नाही. बोंडाच्या नख्या बोटांना ओरबाडतात, पाठ धरते, आणि डोळ्यांपुढे तेच ते पांढरं. आत्याबाई त्या पांढऱ्यात आमच्यासाठी काहीतरी घालायची. एक गोष्ट ती पहिल्या वेचणीला सुरू करायची आणि शेवटच्या वेचणीपर्यंत पुरवायची. त्या वर्षीची गोष्ट एका राणीची होती. तिनं भुकेल्या सवतीसाठी आपली सावली कुंभाराकडे गहाण ठेवली होती, आणि आता ती उन्हात बाहेर पडायला भीत होती. ही गोष्ट तिनं कुठून आणली, विचारलं तर म्हणायची, "रातीला चुलीत सापडली."

आणि ती आळशी होती, हेही सांगायला पाहिजे. उगाच चांगलं बोलायचं म्हणून ते झाकणार नाही. तिचे हात धडधाकट होते. पण बोलायला लागली की हात थांबायचे. एक बोंड तोडायची, ते राणी म्हणून हवेत उभं करायची, वळवायची, रडवायची, आणि दुपारी भाकरी सोडायच्या वेळी ते तिच्या मुठीतच असायचं. एकदा मालक बांधावर उभे राहून म्हणाले, "आत्याबाई, सकाळपासून तेच बोंड हाय का हातात?"

"तेच कसं ऱ्हाईल मालक?" ती म्हणाली. "त्याची धाकटी बहीन हाय ही."

मालकही हसले. ते स्वभावानं वाईट नव्हते. जमीन बरीच, आवाज मोठा, आणि गंमत आवडायची.

संध्याकाळी बांधावरच्या बाभळीखाली कापूस मोजून घ्यायचे. जिनं जेवढा वेचला, त्यातला ठरलेला वाटा तिची मजुरी. मोजायला जाण्याआधी प्रत्येक बाई आपल्या ओटीतली एक मूठ आत्याबाईच्या ओटीत टाकायची. कुणी कुणाला सांगायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत. चालता चालता हात जायचा आणि मूठ पडायची. तिला म्हणायचे तोंडाची मूठ. आत्याबाईचं पोट त्यावर चालायचं.

एकदा एक बाई मूल गेल्यावर पुन्हा कामाला आली. आम्हा कुणाला तिच्याकडे बघवेना. त्या दिवशी आत्याबाईनं गोष्ट सांगितली नाही. त्या बाईच्या शेजारी दिवसभर गप्प चालली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग कधीतरी दुपारी तिनं त्या बाईच्या सासूची नक्कल सुरू केली, सासू देवाला फुलं वाहताना मध्येच कोंबडीला कशी शिव्या देते ती. आधी आम्ही घाबरलो. पण ती बाई हसली, आणि हसता हसता रडली, आणि मग पुन्हा वेचायला लागली. त्या संध्याकाळी तिची मूठ सगळ्यांत मोठी होती.

त्या साली लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, पण कापूस चांगला आला. पहिली वेचणी संपली तसे मालक खूश झाले. टेंभुर्णीच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला होता. मालकांनी दोन बैलगाड्या जुंपल्या आणि म्हणाले, "चला, खर्चा माझा." आमच्यातल्या कुणीच सिनेमा पाहिलेला नव्हता. बायांनी धुतलेली लुगडी नेसली, भाकरी बांधून घेतल्या.

तंबूत एका अंगाला कनात लावून बायांची जागा केली होती. बाहेर इंजिन धडधडत होतं. पडद्याशेजारी एक माणूस हातात भोंगा घेऊन उभा होता, कारण पहिल्या चित्रातलं बोलणं इंग्रजी होतं आणि ते समजावून सांगायचं काम त्याचं होतं.

मोठ्या खेळाआधी एक छोटा खेळ दाखवला. त्यात माणसं नव्हतीच. रंगवलेली चित्रं होती आणि ती हलत होती. मुंग्या डोक्यावर दाणे घेऊन ओळीनं चालल्या होत्या, आणि एक हिरवा नाकतोडा पानावर पाय हलवत बसून सारंगीसारखं काहीतरी वाजवत होता. भोंगेवाला ओरडला, "देखो, ये टिड्डा! दिनभर गाना, काम बिलकुल नई!"

"वैनी," आत्याबाई सासूबाईंना म्हणाली, "ती फुडची जाडी मुंगी तुमीच बरं का. चाल बघा."

"अन् तो पानावरचा कोन वन्सं?" सासूबाई म्हणाल्या, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

मग चित्रात आभाळ काळं झालं आणि वरून पांढरं पांढरं पडायला लागलं. भोंगेवाला काहीतरी सांगत होता, पण इंजिनाच्या आवाजात आम्हाला कळलं नाही. आणि कळून तरी काय? आमच्यातल्या एकीनंही असं काही पाहिलेलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना ते एकच वाटलं. "अगं माय, आभाळातून कापूस पडून राह्यला!" कुणीतरी म्हणालं. बघता बघता झाडं, दगड, वाट, सगळं कापसानं भरलं. आणि त्यात नाकतोडा उभा, कुडकुडत.

आत्याबाईला राहवेना. ती उभीच राहिली. "अरं मेल्या, गळ्याएवढ्या कापसात उभा राहून कुडकुडतोस कशाला? एक गोधडी भर की!" कनातीच्या पलीकडून पुरुषही हसले. खाली बसताना ती मला हळूच म्हणाली, "एवढा कापूस, अन् वेचायला एक बी मुंगी भायर न्हाई."

नाकतोडा पडत झडत एका झाडाच्या बुंध्याशी गेला. बुंध्याला इवलंसं दार होतं, फटीतून आतला उजेड दिसत होता. त्यानं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. आणि चित्र थरथरलं, पडदा कोरा पांढरा झाला. आरडाओरडा सुरू झाला. भोंगेवाला म्हणाला, "शोर मत करो, छोटा खेल खतम! काम नई किया तो दाना नई! अब बडा खेल!" मोठ्या खेळात देव होते, राजा होता, गाणी होती. आम्ही सगळं विसरून बघत बसलो. आत्याबाई तेवढी पडद्याकडे बघत असूनही बघत नव्हती.

परत येताना गाडीत तिनं विचारलं, "मंग दार उघडलं का न्हाई?"

मालक पुढे बसले होते. "कशाला उघडतील? उन्हाळाभर केलं काय त्यानं?"

"गायला ना."

"मंग आता गानंच खा म्हनावं!" मालक मागे वळून म्हणाले, "आत्याबाई, राग नका मानू, पन तो नाकतोडा बराबर तुमच्यावानी बसला होता."

गाडी हसण्यानं हलली. सगळ्यांत जास्त तीच हसली. गुडघे वर करून, हातांच्या काड्या करून तिनं नाकतोडा करून दाखवला. मग घर येईपर्यंत बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज मला पहिल्यांदाच इतका ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली मालकांनी हसत हसतच सांगितलं, "यंदा आपन बी मुंग्यांसारखं करून बघू. उद्यापासून जिची तिची ओटी. मूठ बंद."

सासूबाई म्हणाल्या, "मालक, मूठ आमच्या हातची हाय. आमच्या खुशीची."

"मूठ तुमची, काकू," मालक म्हणाले. "कापूस माझा हाय."

आत्याबाई लुगड्याला चिकटलेला काडीकचरा वेचत बसली होती. बाया तिच्याकडे बघत नव्हत्या. मुठीशिवाय हा हिवाळा ती काय खाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

सकाळी ती वावरात आली नाही. खोलीला कडी होती. कळलं ते असं, की ती बाजाराच्या गाडीत बसून भोकरदनला गेली. तंबू तिकडे हलला होता. एका नाकतोड्यासाठी म्हातारी बाई भोकरदनला गेली, म्हणून गावात दोन-चार दिवस हसणं चाललं.

ती परत आली ती सरळ वावरातच. पाय धुळीनं भरलेले, ओठ फुटलेले. कमरेवर हात नाही, की पदर दातात नाही. तासाच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, "उघडलं."

आमचे हात थांबले.

"जाड्या मुंगीनं उघडलं. आधी लई शिव्या दिल्या. म्हन्ली, मेल्या, साल साल गात बसतोस, लाज न्हाई? मंग कान धरून आत ओढलं. भाकर दिली, तिळाची चटनी दिली. अंगावर गोधडी टाकली. अन् म्हन्ली, बस चुलीपाशी. आमचे हात दुखून राह्यलेत. हिवाळा लांब असतो बाबा, तू गात ऱ्हा."

सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं. त्या संध्याकाळी मोजायला जाताना त्यांचा हात आपोआप गेला आणि मूठ पडली. मागून सगळ्यांच्या पडल्या.

मालकांनी ते पाहिलं. रागावले नाहीत. गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाले, "आत्याबाई, आजवर तुमी इतक्या गोष्टी सांगितल्या. एक तरी खरी होती का?"

सगळे हसले. बायाही हसल्या. आयुष्यभर तिनं आम्हाला रिझवलं होतं, आणि आता तिनं काहीही सांगितलं असतं तरी ती गोष्टच ठरली असती. मालक म्हणाले, "जी मूठ टाकंल, तिच्या वाट्यातून तेवढा कापूस कमी धरीन. मंग बघू कोनाची किती खुशी हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच विहिरीवर होतो. मी तिला विचारलं. आपण होऊन कुणाला काही विचारण्याची ती माझी सासरची पहिलीच वेळ असेल. "आत्याबाई, खरंच उघडलं का हो?"

तिनं घागर खाली ठेवली. "त्या इंजिनवाल्याला इचारलं मी. भला मानूस. चहा पाजला. म्हन्ला, माय, रोज तिथंच तुटतं. फिल्लमचा फुडचा तुकडा तंबूच्या पहिल्या मालकाकडंच ऱ्हायला. फुडं काय झालं ते मला बी मालूम न्हाई."

"मग?"

"मंग काय? कोनालाच माहीत न्हाई. कोनी उघडीना, म्हून मीच उघडलं."

असं म्हणून ती हसली, पण नेहमीसारखी नाही. मी तिची घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी फरक पडला नसता.

मुठी लगेच थांबल्या नाहीत. पण प्रत्येकीच्या घरी लेकरं होती, आणि मालक बोलल्याप्रमाणे खरंच वाटा कमी धरायचे. आज एकीचा हात गेला नाही, उद्या दुसरीचा. सासूबाईंनी सगळ्यांत जास्त दिवस मूठ चालू ठेवली. शेवटी एका संध्याकाळी आत्याबाईनंच आपल्या ओटीवर हात ठेवला. "बास वैनी. तुमच्या घरी खानारी तोंडं लई हायत."

"वन्सं, मी काय तुमच्यावर उपकार करून राह्यले का?" सासूबाई चिडून म्हणाल्या.

"म्हून तर बास म्हन्ले."

दुसऱ्या दिवशी ती वेचायला लागली. आणि आम्ही बघतच राहिलो. दोन्ही हात एकदम चालायचे, कापसात वाळल्या पत्तीचा कण यायचा नाही. दुपारपर्यंत ती आमच्या पुष्कळ पुढे गेलेली असायची. सासूबाई म्हणाल्या, लग्नाआधी पोरगी होती तेव्हा ती अशीच वेचायची, आम्हीच विसरलो. संध्याकाळी तिची ओटी सगळ्यांत जड भरली. मालकांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. "बघा! हात होते की न्हाई?"

"होते मालक," ती म्हणाली.

पण वावरात आवाज राहिला नाही. राणी दरबारात भर उन्हात उभी होती, राजा म्हणत होता तुझी सावली कुठं आहे, आणि गोष्ट तिथंच थांबली. पहिले काही दिवस बाया विचारायच्या, "आत्याबाई, राणीचं फुडं काय झालं?" ती मान वर न करता म्हणायची, "हात गुंतलेत गं." कुणी म्हणायचं, वेचता वेचता सांगा की. ती प्रयत्न करायची. दोन वाक्यं व्हायची, मग हात मंदावायचे, मग ती दचकायची आणि गप्प व्हायची. तिला दोन्ही एकदम येतच नव्हतं. पुढे बायांनी विचारणं सोडलं.

काम मात्र लवकर उरकायला लागलं, हे खरं आहे. कापूसही जास्त निघाला. आम्ही उजेडी घरी यायचो. घरी येऊन काय करायचं ते कळायचं नाही.

पौषात थंडी वाढली. तिला खोकला झाला होता, तरी ती यायची. एकदा मी तिला माझं घोंगडं दिलं, तर म्हणाली, "पोरी, आता घ्यायची सवय मोडली." घेतलं नाही. मग एका सकाळी ती आली नाही. सासूबाईंनी मला बघून यायला सांगितलं. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी आत्याबाई, आत्याबाई म्हणून हाका मारल्या. माझा आवाज इतका मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. शेजारच्या बाया धावत आल्या.

खोलीत फारसं काही नव्हतं. पण कोपऱ्यातलं ज्वारीचं मडकं काठापर्यंत भरलेलं होतं, आणि शेजारी दुसरं. त्या खोलीत असं भरलेलं मडकं कुणी पाहिलं नव्हतं. मालक आले, दारात उभे राहून मडक्यांकडे बघत राहिले. पागोटं काढून बाहेर जाऊन बसले.

आम्ही तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नाही, पांढरंच नेसवलं, आणि सगळ्या बाया भोवती बसलो. आता रडायचं होतं. आमच्याकडे मेलेल्या माणसाचे गुण सांगत, हेल काढून रडतात. एकीनं उचलायचं आणि बाकीच्यांनी धरायचं. गावात कुणाचंही घर असो, पहिला हेल आत्याबाईचा असे. कुणाच्या कशाबद्दल काय बोलायचं ते तिलाच सुचायचं. ती सुरू करायची आणि मग आमचं रडं आपोआप वाहायचं.

आता ती समोर होती आणि सुरू करायला कुणी नव्हतं. सगळ्या सासूबाईंकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी तोंड उघडलं, "वन्सं..." म्हणाल्या, आणि पुढे काही येईना. पुन्हा म्हणाल्या, "वन्सं..." बाया वाट बघत राहिल्या. बाहेर पुरुष खोळंबले होते. एवढ्या बायका त्या खोलीत होत्या, आणि कुणाच्या बांगडीचाही आवाज नव्हता.

शेवटी सासूबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ऊन चढून राह्यलं. उचला आता."

आणि ती तशीच गेली, कुणीही न रडता.